आईचं सगळंच आलं

यंदाच्या संक्रांतीच्या हळदीकुंकवाला वरच्या मजल्यावरच्या काकू एक वाक्य बोलून गेल्या, ते अजून माझ्या डोक्यातून जात नाही. इंदूरच्या लोकमान्य नगरातल्या आईच्या घरी बायकांची ये-जा चालली होती. बैठकीच्या खोलीत अत्तराचा, हरभऱ्याच्या ओल्या घाट्यांचा आणि दुपारी थोडा करपलेल्या गुळाचा असा मिळून एक वास भरला होता. धाकटा भाऊ कामावरून परस्पर तिकडेच आला. दारातून आत शिरल्या शिरल्या त्याने साबणाने हात धुतले (तो हल्ली कुणाच्याही घरी गेला की माणसांच्या आधी बेसिन शोधतो) आणि स्वयंपाकघरात उभ्याउभ्याच कारल्याची परतलेली भाजी पोळीत गुंडाळून खायला लागला. काकूंनी ते बघितलं. म्हणाल्या, ‘‘अगं बाई, हा कारलं खातो? लहानपणी ताटावरून उठून जायचा! आईची किडनी लागली ना, आईचं सगळंच आलं बघा त्याच्याकडे.’’ सगळ्या हसल्या. भाऊही हसला. आई कुणाला तरी वाण देत होती, चहाचं स्टीलचं गाळणं होतं या वर्षी, तिचा हात ते गाळणं धरून क्षणभर तसाच हवेत राहिला. मग तिने तिळगुळाचा डबा उचलला आणि ‘‘संपत आले वाटतं’’ असं म्हणून आत गेली. डबा अर्ध्याहून जास्त भरलेला होता.

काकूंचं काही चुकलं नाही. पण त्या वाक्यातलं ‘सगळंच’ आईला कुठे लागलं, हे त्या घरात मला एकटीलाच माहीत होतं.

भावाला आईची किडनी बसली ती 2019 च्या फेब्रुवारीत. तो चाळिशीचा, आई बासष्टची. त्याआधीचं दीड वर्ष, डायलिसिस, त्यासाठी हातावर रोहिणी आणि नीला जोडून केलेला फिस्टुला आणि त्यात हात लावला की जाणवणारी ती मांजराच्या गुरगुरण्यासारखी थरथर, ते सगळं इथे सांगत नाही. ज्यांच्या घरात झालंय त्यांना सांगावं लागत नाही. एवढंच सांगते की द्यायला मीही पुढे झाले होते. भावाचा रक्तगट ओ, माझा बी. रिपोर्ट बघून डॉक्टर म्हणाले, तुमची चालणार नाही, आणि माझ्या चेहऱ्यावर जे योग्य ते सगळं उमटलं असणार, पण पोटात आत कुठेतरी एक गाठ सुटली. मला सुटल्यासारखं वाटलं. आईचा गट ओ निघाला तेव्हा ती अशी खूश झाली, जणू नगरपालिकेच्या लॉटरीत घर लागलं. आपल्या देशात जिवंतपणी किडनी देणाऱ्यांमध्ये बायकाच जास्त असतात, आया, बायका, बहिणी. त्या ‘बहिणी’ या शब्दाशी मी आजही जरा अडखळते.

प्रत्यारोपणाच्या आधी एक लांबलचक प्रश्नावली असते. कावीळ झाली होती का, क्षयाचं औषध कधी घेतलंय का, कांजिण्या येऊन गेल्या का. भावाला काही आठवेना. आईने पापणीही न हलवता सांगितलं, ‘‘राजवाडा जळला ना, त्या वर्षी. त्याच्या आधीच्या चैत्रात.’’ म्हणजे 1984. समोरच्या तरुण डॉक्टरने ‘पाचव्या वर्षी’ एवढं लिहून घेतलं. मला मात्र सगळं दिसायला लागलं: दारावर कडुलिंबाचा टाळा, घरात फोडणी बंद, भावाच्या अंगावरच्या पाणी भरलेल्या पुटकुळ्या, आणि ‘माता आलीय’ म्हणून त्याच्याशी वाद घालायचा नाही असा आजीचा हुकूम. शेजारची मालवी आजी शीतला सप्तमीचा थंडा प्रसाद घेऊन ओट्यावर बसली होती. आठ-दहा दिवसांनी खपल्या पडल्या आणि आम्हाला वाटलं, गेली माता. माता जात नाही. ती मज्जातंतूंच्या मुळाशी जाऊन झोपते आणि चाळीस-पन्नास वर्षांनी, शरीराचा पहारा ढिला पडला की नागीण होऊन उठते. आमच्या त्याच आजीला ती कमरेला उठली होती. विळखा पुरा झाला तर माणूस जातो म्हणून सोनगेरूचा लेप लावून लोक रोज मोजत बसायचे, किती बोटं उरली. आजी त्यातून उठली आणि पुढे अकरा वर्षं जगली. पण ‘येऊन गेलेला’ आजार बहुतेक वेळा फक्त आलेला असतो, हे मला तेव्हा कुणी सांगितलं नव्हतं.

नव्या किडनीला शरीर परकी समजून हाकलायला बघतं, म्हणून पहारेकऱ्यालाच गुंगीत ठेवायचं, हा सगळ्या औषधांचा खेळ. सकाळी नऊ, रात्री नऊ. त्यातलं मुख्य टॅक्रोलिमस. हे जपानमध्ये त्सुकुबाच्या मातीतल्या एका जंतूपासून मिळालं, तेही 1984 मध्येच. म्हणजे ज्या वर्षी इकडे इंदुरात भावाच्या अंगावरच्या खपल्या पडल्या आणि राजवाडा जळला, त्याच वर्षी तिकडे कुणीतरी मातीच्या नमुन्यातून त्याचं पस्तीस वर्षांनंतरचं औषध वेगळं काढत होतं. असले योगायोग रात्री मोबाइलवर वाचताना फार मोठे वाटतात, सकाळी चहाबरोबर विरघळून जातात. पहारेकरी गुंगला की झोपलेले एकेक जण कूस बदलतात, म्हणून पहिले काही महिने व्हॅलगॅनसायक्लोव्हिर नावाची महागडी गोळी होती. ती सायटोमेगॅलो नावाच्या विषाणूसाठी. हा आपल्याकडे बहुतेक सगळ्या मोठ्या माणसांच्या अंगात असतो आणि कुणाला पत्ता नसतो. गोळीने विषाणू दबला, पण त्याबरोबर भावाच्या पांढऱ्या पेशीही दबल्या, एकवीसशेवर आल्या. मग मात्रा कमी करा, पुन्हा मोजा. घरात मास्क, फळं सोलूनच, बाहेरचं बंद. ज्या माणसाने सराफ्याच्या खाऊगल्लीत रात्री बारा वाजता गराडूवर, म्हणजे तळलेल्या कंदावर, जिरावन मसाला मारून घेतल्याशिवाय थंडी पडली असं कधी मानलं नाही, तो घरी उकडलेला दुधी खात होता. एकदा मी त्याच्यासाठी घरीच गराडू तळला. तो म्हणाला, ‘‘ताई, छान झालाय. पण यात गर्दी नाही ना.’’

या सगळ्यातून पार पडलो असं वाटायला लागलं आणि दहाव्या महिन्यात, डिसेंबरमध्ये, तो रिपोर्ट आला. ताप नाही, दुखणं नाही, लघवीला त्रास नाही. फक्त किडनी मंदावली की रक्तात वाढणारं क्रिएटिनिन 1.3 वरून 1.9 आणि मोबाइलवर एक पीडीएफ: बीके व्हायरस, डिटेक्टेड, 18,400 कॉपीज. प्रत्येक मिलिलिटर रक्तात.

मला विषाणूंची नावं गावांवरून किंवा दिसण्यावरून पडतात एवढं माहीत होतं. हा ‘बीके’ म्हणजे माणूस आहे. 1971 मध्ये लंडनच्या एका किडनी बसवलेल्या रुग्णाच्या लघवीत सिल्व्हिया गार्डनर यांना इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली तो दिसला आणि रुग्णाच्या नावाची आद्याक्षरं विषाणूला मिळाली. त्या माणसाचं बाकी काही जगाच्या लक्षात राहिलं नाही, दोन अक्षरं तेवढी राहिली आणि ती रोज हजारो प्रयोगशाळांमध्ये छापली जातात. मला ते वाचून उगीच वाईट वाटलं. हा विषाणू लहानपणीच बहुतेक सगळ्यांना गाठतो, साधी सर्दी झाल्यासारखं होतं किंवा तेवढंही नाही, आणि मग तो जन्मभर किडनीत आणि मूत्रमार्गात गप्प पडून राहतो. कुणाचं काही बिघडवत नाही. किडनी बसवलेल्या माणसातच तो मुख्यतः दात दाखवतो, तेही त्या नव्या किडनीला.

आम्हाला वाटलं, आता कुठलं तरी आणखी महागडं औषध लिहून देतील. डॉक्टर म्हणाले, ‘‘यावर औषध नाही. जे चालू आहे तेच कमी करायचं.’’ वहिनीने विचारलं, ‘‘कमी? इतके दिवस तर तुम्ही पाच मिनिटंसुद्धा इकडेतिकडे नको म्हणत होतात.’’ डॉक्टर थोडे हसले. म्हणाले, पहारेकऱ्याला जरा जागं केलं तर तो विषाणूला आवरेल. फार जागं केलं तर किडनीवरच धावून जाईल. संधिवाताची एक गोळी आणि आणखी एकदोन औषधं कुठेकुठे देतात, पण खात्रीचा पुरावा नाही, मी देणार नाही. मला त्यांचं ते ‘देणार नाही’ आवडलं. आपल्याला डॉक्टर काही न देता घरी पाठवतो तेव्हा फसवल्यासारखं वाटतं. पण न देण्यासाठीही शिकावं लागत असेल.

आधी किडनीचा तुकडा काढून तपासणं आलं, कारण विषाणूने सुजलेली किडनी आणि शरीराने नाकारायला घेतलेली किडनी दोन्ही काचपट्टीवर बऱ्याचदा सारख्याच दिसतात. दोन्हीत त्याच पेशी धावून आलेल्या असतात. आणि उपचार नेमके उलटे: एकात औषध वाढवायचं, दुसऱ्यात उतरवायचं. म्हणून एक खास रंग देऊन बघतात. तो मुळात माकडांमधल्या एका भाऊबंद विषाणूसाठी केलेला, पण बीकेलाही लागतो. रंग लागला. विषाणूच होता. पहारेकऱ्याला गुंगवणारं दुसरं औषध, मायकोफेनोलेट, 720 वरून 360 वर, म्हणजे सरळ निम्मं. टॅक्रोलिमसची रक्तातली पातळीही खाली आणायची, पण किती, ते दर पंधरा दिवसांनी बघून. आई तिळगुळाचा पाक बघते तसं ते होतं. वाटीतल्या पाण्यात थेंब टाकायचा, बोटांत धरून बघायचा, विरघळला तर कच्चा, टणकन वाजला तर गेला हातचा, लाडू दाताने फुटणार नाही. मधला तो क्षण घड्याळात सापडत नाही. फरक एवढाच की पाक बिघडला तर आई पुन्हा गूळ चिरायला घेते.

त्या दिवशी बाहेरच्या लांब बाकावर भावाला बसवून मी एकटी पुन्हा डॉक्टरांच्या खोलीत गेले आणि विचारलं, आला कुठून हा? त्याच्यातलाच जागा झाला की… त्यांनी लिहिता लिहिता सांगितलं, बहुधा दात्याच्या किडनीतूनच येतो. एखाद्या रुग्णाचं छातीठोक सांगता येत नाही, आणि त्याने उपचारात काही फरकही पडत नाही. असं म्हणून त्यांनी पुढच्या रुग्णासाठी घंटी वाजवली.

संध्याकाळी आई मटार सोलत बसली होती. डिसेंबरचा मटार, शेंग दाबली की टचकन आवाज. पितळी परातीत हिरवे दाणे पडत होते, टपटप टपटप, आणि मी तिला जेवढं सांगायचं ठरवलं होतं तेवढं सांगत होते: एक विषाणू आहे, औषध कमी केलंय, घाबरायचं नाही. तिने मान वर न करता विचारलं, ‘‘म्हणजे माझ्याबरोबरच गेला का गं तो त्याच्यात?’’

मी म्हणाले, ‘‘नाही.’’

एवढंच. त्यात खोटं किती, हे मी त्यानंतर कितीदा तरी मोजलं आहे. छातीठोक सांगता येत नाही हेही डॉक्टरच म्हणाले होते, तेव्हा माझं ‘नाही’ साफ खोटं नव्हतं. पण मी ते त्या कारणाने म्हटलंच नव्हतं. मला तिचे हात थांबायला नको होते. आणि त्याच्याही खाली, खरं सांगायचं तर, आणखी एक गोष्ट होती: जिची किडनी चालली नाही ती मी, सुटलेली मी, तिला काय तोंडाने सांगणार होते की तुझ्या देण्यात काहीतरी आलं म्हणून? ज्याने दिलं त्याच्याच वस्तूतलं वैगुण्य बघायचं, न देणारे आपले स्वच्छ. आईच्या शरीराने त्या विषाणूला साठ वर्षं इतकं गप्प ठेवलं की तो आहे हे तिलाही कळलं नाही. तिच्यात तो दोष नव्हताच. पण रिपोर्टच्या भाषेत आईसाठी शब्द नाही, तिथे ‘डोनर सोर्स’ असतो.

त्यानंतरचे महिने पंधरवड्यांत मोजले. 18,400 चे दोन आठवड्यांनी 31,000 झाले आणि वहिनीने त्या दिवशी डबा करून दिला नाही. डॉक्टर म्हणाले, थांबा, पहारेकरी उठायला वेळ घेतो. मग 9,600. तोवर मार्च 2020 आला, इंदूर कडेकोट बंद झालं, रक्ताचा नमुना द्यायला जायचं तर पोलिसांना फाइल दाखवायची. सगळ्या गावाने मास्क लावले तेव्हा भाऊ फोनवर म्हणाला, ‘‘घे ताई, आता सगळे माझ्या जातीत आले.’’ त्याच दिवसांत ‘इम्युनिटी’ हा शब्द भाजीवाल्याच्या तोंडीसुद्धा आला. याच काकूंनी गुळवेलीचा काढा स्टीलच्या डब्यात भरून भावाकडे पाठवला होता, प्रेमाने, दोरीने टोपलीतून खाली सोडून, ‘‘इम्युनिटी एकदम वाढते भिया!’’ आम्ही तो तुळशीत ओतला. ज्याची प्रतिकारशक्ती जाणूनबुजून, मिलिग्रॅमच्या हिशोबाने खाली ठेवली आहे, त्याने ती चमच्याने वाढवायची नसते, हे काकूंना जिन्यातून कसं समजावणार? कळवलं, छान होता.

त्या बंदच्या रात्रींत मी फार वाचलं, अर्धं कळलं. एक नाव लक्षात राहिलं: गर्ट्रूड एलियन. अमेरिकेतल्या या बाईकडे पीएचडी नव्हती. तिने सहकाऱ्यांबरोबर अ‍ॅझाथायोप्रिन केलं, ज्याने साठच्या दशकात जुळ्या भावाव्यतिरिक्त दुसऱ्या कुणाची किडनी माणसाच्या अंगात टिकायला लागली. म्हणजे पहारेकऱ्याला झोपवणारं औषध. आणि पुढे त्याच बाईच्या प्रयोगशाळेतून असायक्लोव्हिर आलं, नागिणीवरचं. भावाने घेतलेली ती महाग गोळी त्याचीच चुलत बहीण. दार उघडणारीही तीच आणि त्या दारातून आत शिरलेल्याला अडवणारीही तीच. 1988 मध्ये तिला नोबेल मिळालं. हे मी आईला सांगितलं तेव्हा ती म्हणाली, ‘‘बाईच असणार. दोन्हीकडचं बघायची सवय.’’ बीकेपर्यंत मात्र एलियनबाईंचं औषध पोचलं नाही.

जुलैअखेर रिपोर्टमध्ये ‘नॉट डिटेक्टेड’ आलं. क्रिएटिनिन 1.7 वर बसलं ते बसलं, 1.3 काही परत दिसलं नाही. डॉक्टर म्हणाले, हे चालेल, पुष्कळ वर्षं चालेल. विषाणू गेला का, असं विचारण्याएवढी मी आता अडाणी राहिले नव्हते.

तर यंदाची संक्रांत. बायका गेल्या, वहिनी आणि भाऊही घरी गेले. जाताना त्याने नेहमीसारखा उजव्या कुशीवर हात ठेवून जिना उतरला. किडनी तिथे पुढे, पोटाखाली बसवलेली असते आणि गर्दीतून वाट काढणाऱ्या गरोदर बाईसारखी त्याला ती जपायची सवय झाली आहे. मी आणि आई कप विसळत होतो. नळाचं पाणी बर्फासारखं. मी म्हणाले, ‘‘आई, काकूंचं मनावर घेऊ नकोस.’’

‘‘काय घ्यायचंय मनावर. कारलं त्याला आवडायला लागलं ते वयाने.’’

‘‘तेव्हा तू मला विचारलं होतंस, मटार सोलताना. मी नाही म्हणाले होते.’’

‘‘हो.’’

‘‘ते तसं नव्हतं. म्हणजे, नक्की कुणालाच सांगता येत नाही, पण बहुतेक…’’

‘‘ठाऊक आहे मला.’’ तिने बशी उपडी घातली. ‘‘तू इतक्या लगेच कधी उत्तर देतेस का कशाचं? साधं भाजी काय करू विचारलं तर तास लावतेस.’’

मी बघत राहिले. इतकी वर्षं मी ते ‘नाही’ सांभाळत होते आणि ते मुळात पोचलंच नव्हतं. मला हायसं वाटलं की राग आला, मला खरंच सांगता येणार नाही. मी विचारलं, ‘‘मग बोलली का नाहीस?’’

‘‘तुला बरं वाटत होतं ना,’’ ती म्हणाली, ‘‘मला वाचवल्यासारखं.’’

तेवढ्यात ओट्यावरचा तिचा मोबाइल वाजायला लागला. नऊचा गजर. गोळी भावाची, घर भावाचं दुसऱ्या टोकाला, पण गजर आईच्या फोनवर सकाळ-संध्याकाळ वाजतो, सात वर्षं होत आली. तिने ओल्या करंगळीने तो बंद केला आणि पदराला हात पुसत फोनसमोर उभी राहिली. मीही राहिले. थोड्या वेळाने घरच्या ग्रुपवर त्याचा रोजचा एका शब्दाचा मेसेज आला: ‘घेतली’.

‘‘चार मिनिटं उशीर,’’ आई म्हणाली आणि तिने नळ पुन्हा सोडला.